सत्त्याहत्तरावा चिंचोका

१

"…पहाटे तो त्या पोरीला धरतो म्हणे, अन् मग…"

मधुरिमाचं वाक्य इथपर्यंतच शोभनाच्या कानावर आलं. पुढचं कचरागाडीच्या लाऊडस्पीकरने गिळून टाकलं. मल्हारगंजातल्या त्या गल्लीत सकाळी सातला गाडी शिरली की दोन भिंतींमध्ये आवाज असा कोंडतो, की समोरचा माणूस ओठ हलवताना नुसता दिसतो. शोभनाने एका हातात ओल्या कचऱ्याचा डबा, दुसऱ्यात सुक्याचा, तशीच पावलं उचलली. पण ती पोचेपर्यंत गाडी पुढे सरकली होती आणि मधुरिमाचा चेहरा बदलला होता.

"कोण कुणाला धरतो गं?"

"काही नाही हो शोभनाताई. आमच्या निधीचं कॉलेजचं काहीतरी. मेथी घेतली का तुम्ही? आज एकदम ताजी आहे."

आता मधुरिमाने शोभनापासून काही लपवायचं, म्हणजे गल्लीच्या इतिहासात नोंद करण्यासारखी गोष्ट. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं ब्लडप्रेशर वाढलं, हे शोभनाला आधी कळायचं आणि मग त्या घराला. चौकात कॅमेरा बसवला त्या दिवशी तिचा नवरा श्रीपाद म्हणाला होता, "आमच्या घरी एक आहेच की, बोलणारा." शोभना मनावर घ्यायची नाही. आजारी माणसाच्या घरी पहिली खिचडी तिचीच जायची, हेही गल्लीला ठाऊक होतं.

रिकामे डबे घेऊन ती परतली. कोणती पोरगी, हे तिला विचारायची गरज नव्हती. दोन महिने ती त्या पोरीला भिंतीतून ऐकत होती.

२

शोभनाच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेजारच्या अप्पासाहेबांच्या खोलीची भिंत एकच. मधे एका विटेचं अंतर. पलीकडे कोणी खोकलं की अलीकडे चहाच्या कपात तरंग उठेल, असं श्रीपाद म्हणायचा.

अप्पासाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पूर्वज होळकरांच्या पागेत होते, स्वतः शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात एक रीत होती. रथसप्तमीला एकशे आठ सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यासाठी दिवाळीनंतर रोज पहाटे सराव करायचा. घालणाऱ्याने तोंडाने मोजायचं नाही, श्वास तुटतो म्हणून. समोर घरातलं वडीलधारं माणूस पितळी वाटी घेऊन बसणार आणि दर नमस्काराला एक चिंचोका वाटीत टाकणार. टण्. आणि एकदा वाटी मांडली की आकडा अर्धा सोडायचा नाही.

गेल्या वर्षीपर्यंत हे नमस्कार त्यांचा नातू अनीश घालायचा. तेवीस वर्षांचा, उंचापुरा, जिन्यात भेटला की शोभनाच्या हातातली पिशवी काढून घेणारा. गेल्या रथसप्तमीला सत्त्याहत्तरावा चिंचोका पडला आणि पुढचा पडलाच नाही. शोभना तेव्हा कणीक मळत होती. वाटी का थांबली, असं तिच्या मनात येईपर्यंत पलीकडून अप्पासाहेबांची हाक आली. "अनीश, उठ. एकतीस राहिलेत." मग तीच हाक पुन्हा, आणि पुन्हा.

तो उठला नाही.

एक गोष्ट शोभनाने कुणालाच सांगितली नव्हती, श्रीपादलाही नाही. त्याच्या तीन आठवडे आधी अनीश जिन्यात कठड्याला धरून उभा होता. "काकू, जोरात नमस्कार घालताना छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. श्वासच पुरत नाही." आणि शोभना म्हणाली होती, "सराफ्यात जाऊन रोज कचोऱ्या हाणतोस, गॅस नाही होणार तर काय! ओव्याचं पाणी घे." तो हसला होता. त्याने ओव्याचं पाणी घेतलंही असेल. तो ऐकणारा मुलगा होता.

अनीशचे वडीलही असेच गेले होते, एक्केचाळिसाव्या वर्षी, स्कूटरला किक मारता मारता. त्याचा याच्याशी संबंध जोडायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही. त्यांची बायको, अनीशची आई इंदिरा, तेव्हापासून कमी बोलायची. मुलगा गेल्यावर तेवढंही राहिलं नाही.

आणि या दिवाळीनंतर, एका थंड पहाटे, शोभना गॅसवर दूध ठेवत असताना पलीकडे पुन्हा वाटी वाजली.

३

अनीशची धाकटी बहीण कस्तुरी नमस्कार घालायला लागली होती. वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. शोभनाला पहिले काही दिवस बरंच वाटलं. घरात पुन्हा हालचाल आली म्हणायची. कामं करता करता ती आपोआप मोजायला लागली. मोजायची खोड काही चांगली नाही, पण कान उघडे असले की ते होतंच.

सत्त्याहत्तर झाले की वाटी थांबायची.

पहिल्या दिवशी शोभनाला वाटलं, आपलंच मोजताना चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने ओट्यावर शेंगदाणे मांडून मोजले. तिसऱ्या दिवशीही तेच. कधी भरभर, कधी सावकाश, पण सत्त्याहत्तरावर टण् वाजायचं आणि मग पोरीची धाप. तोंडाने घेतलेला, फाटका, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा श्वास.

पोर दमत असेल. आकडा तिच्या डोक्यात बसला असेल. शोभनाने स्वतःला हे समजावलं आणि ते पटलंही.

पटलं नाही ते दुसरं. धापा दोन होत्या.

एक कस्तुरीची, वरवरची, घाईची. दुसरी तिच्या मागोमाग, अर्धा क्षण उशिरा. ती जड होती, खालून आल्यासारखी, आणि सुटताना शेवटी बारीक शीळ वाजायची. अप्पासाहेबांची म्हणावी, तर ते मधेच खाकरायचे आणि तरी ही चालूच असायची. शोभनाने स्टीलचा पेला भिंतीला लावला, पेल्याला कान लावला. थंड पेल्यातून तो श्वास इतक्या जवळून आला, की तिने कान झटकून काढला आणि पदराने पुसला.

"अहो, इकडे या जरा. ऐका."

श्रीपाद वीज मंडळातून निवृत्त झालेला. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस, भुताखेतांना वेळ नसलेला. त्याने कान लावला.

"पोरीला धाप लागलीय."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे तीच. भिंत पोकळ आहे, आवाज फिरून येतो." तो सरळ झाला, पण लगेच गेला नाही. "शोभा, एवढी धाप बरी नाही हां. वीस वर्षांची आहे ती. हार्टवाल्या डॉक्टरला दाखवायला सांग."

हे त्याने सांगितलं होतं. स्पष्ट, एकदा. शोभनाला नंतर ती सकाळ आठवायची ती ओट्यावरच्या शेंगदाण्यांसकट.

४

डिसेंबरच्या शेवटी कस्तुरी स्वतःच आली. सकाळचे साडेसहा, बाहेर धुकं. दार उघडलं तर पोरगी चौकटीला धरून उभी, ओठ फिके, केस कपाळाला चिकटलेले.

"काकू, दोन मिनिट बसू? उभं राहवत नाहीये."

शोभनाने तिला खुर्चीत बसवलं, शाल घातली, आधण ठेवलं. विचारायचं खूप होतं, पण त्या दिवशी तिने तोंड आवरलं. पोरीचा श्वास जागेवर यायला सात-आठ मिनिटं लागली.

"इथे दुखतं?"

"दुखत नाही. जड होतं." कस्तुरीने तळहात छातीच्या मधोमध ठेवला. "कोणी बसल्यासारखं."

शोभनाच्या हातातून चहाची गाळणी ओट्यावर पडली. तेच शब्द.

"आईला सांगितलंस?"

"आई पाचलाच मंदिरात जाते ना. वाटीचा आवाज तिला सहन नाही होत. तिला वाटतं, मी दहा-बारा घालते. प्लीज, तिला नका सांगू."

"मग बंद कर ना बाई! कोणाचा हट्ट आहे हा?"

"माझाच." कस्तुरी कपाकडे बघत राहिली. "दादाचे एकतीस राहिलेत, काकू. अप्पा रोज रात्री झोपेत म्हणतात, एकतीस राहिलेत, एकतीस राहिलेत. मला वाटलं, एकदा मी पूर्ण एकशे आठ घातले की संपेल. पण सत्त्याहत्तरच्या पुढे जाताच येत नाही."

"धाप लागते म्हणून."

"हौ, धाप तर लागतेच. पण…" तिने खोलीत कोणी नाही याची खात्री केली, जणू श्रीपाद टेबलाखाली बसला असेल. "तुम्ही हसाल. निधी पण हसली. आपण नमस्कारात पालथे होतो ना, छाती जमिनीला टेकते, तेव्हा पाठीवर कोणीतरी हात ठेवतं. दोन्ही हात. दाबून. मी उठायला बघते आणि उठूच देत नाही. थंड असतात एकदम, ओले."

शोभना हसली नाही. म्हणजे मधुरिमाचं वाक्य इथून निघालं होतं. पहाटे तो त्या पोरीला धरतो, अन् मग. पुढे काय असणार, ते सांगायला कचरागाडी थांबायची गरज नव्हती.

"तुला भीती नाही वाटत?"

"दादाची?" पोरीने इतक्या नवलाने विचारलं, की शोभनालाच लाज वाटली. "वाईट वाटतं. तो अडकलाय, काकू. आणि मी त्याला सोडवू नाही शकत."

भिंतीपलीकडे तेव्हा वाटी वाजत नव्हती. कस्तुरी इकडे खुर्चीत बसली होती, शांत, चहा पीत. पलीकडे कुणीतरी अजून श्वास घेत होतं. आत, बाहेर, शेवटी बारीक शीळ.

कस्तुरीने कप खाली ठेवला. "तुम्हालाही ऐकू येतं?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शोभना तिळाची वडी घेऊन अप्पासाहेबांकडे गेली. वडी हे निमित्त, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खोली साधी होती. लोखंडी पलंग, खुंटीवर कोट, फळीवर जुनी पदकं. खिडकीखाली काळ्या फरशीचा मोकळा चौकोन आणि त्यासमोर पाट. पाटावर पितळी वाटी, चिंचोक्यांनी अर्धी भरलेली. अप्पासाहेब त्यातलाच एक चिंचोका बोटांत फिरवत होते.

"ये शोभना. भिंतीतून ऐकण्यापेक्षा हे बरं."

ती ओशाळली, पण बसली. "अप्पासाहेब, पोरीचा जीव घाबरा होतो. थांबवा हे."

"मी सांगितलं नाही तिला. वाटी घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?" त्यांचा आवाज मास्तरांचाच होता, पण हात थरथरत होते. "तो पडला तेव्हा मी काय म्हणालो, ऐकलंस ना तू? सगळ्या गल्लीने ऐकलं. पोरगा जातोय आणि मी म्हणतोय, उठ, एकतीस राहिलेत. तेवढंच ऐकून गेला तो. आता पुरे केल्याशिवाय तो जायचा नाही, आणि मी मरायचा नाही."

शोभनाची नजर खाली गेली. सकाळचे नमस्कार होऊन चार तास झाले होते, फरशी कोरडी होती, फक्त मधे दोन तळहात उमटलेले होते. ओले. कस्तुरीचे म्हणावेत तर फार मोठे. डाव्या हाताची करंगळी बाहेर वाकलेली.

अनीशची करंगळी क्रिकेट खेळताना मोडली होती. ती वाकडी बसली म्हणून शोभनानेच हाडवैद्याच्या नावाने गल्लीभर शंख केला होता.

फरशीला ओल येते, ती मनाशी म्हणाली. थंडीत येते. तिच्या डोळ्यांदेखत उजवा ठसा वाळून गेला, आणि मग, कुणी भार एका हातावरून दुसऱ्यावर टाकावा तसा, डावा आणखी गडद झाला.

ती उठली.

"रथसप्तमीला पुरे करू," तिच्या तोंडून निघालं. "एकदाच. मी बसते वाटीला, तुमचे हात कापतात. मी त्याला सांगेन. मी बोलेन त्याच्याशी. ऐकायचा तो माझं."

अप्पासाहेबांनी हातातला चिंचोका तिच्या तळहातावर ठेवला.

त्या रात्री श्रीपादने पुन्हा विचारलं, "दाखवलं का डॉक्टरला?" शोभना म्हणाली, "रथसप्तमी होऊ द्या. मीच नेते तिला, दुसऱ्याच दिवशी." आणि हे तिने मनापासून ठरवलं होतं. आधी पोरीच्या छातीवरून ते ओझं उतरवू, मग राहिलं तर डॉक्टर बघेल. तिच्या हिशेबाने हाच क्रम बरोबर होता.

६

रथसप्तमीच्या दिवशी इंदिरा नेहमीसारखी पाचला मंदिरात गेली. सहाला शोभना पाटासमोर बसली. मांडीवर चिंचोके, पुढे वाटी. अप्पासाहेब पलंगाच्या कडेला, हात जोडून. कस्तुरीने करड्या रंगाचा सुती कुर्ता घातला होता. तिने आजोबांना नमस्कार केला, शोभनाला केला, आणि मग रिकाम्या कोपऱ्याकडे बघून थोडी हसली.

टण्.

पहिले पन्नास कसे गेले कळलं नाही. खिडकीतून उजेड येऊ लागला. साठनंतर पोरीच्या कानशिलावरची शीर उडताना दिसू लागली. भिंतीतून जे ऐकू यायचं, ते समोर बसून ऐकणं फार वेगळं होतं. दर श्वासाला तिच्या बरगड्या कापडातून वर यायच्या. सत्तरीला दुसरा श्वास आला. तो कुठल्या दिशेने आला, हे शोभनाला सांगता आलं नसतं. तो खोलीत होता, एवढंच. अप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

पंच्याहत्तर. शहात्तर. सत्त्याहत्तर.

कस्तुरी पालथी झाली आणि तशीच राहिली. कोपर ताठ करायला बघत होती, होत नव्हते.

"उठ बाळ," अप्पासाहेब पुटपुटले.

"नाही उठवत…"

शोभनाने पाहिलं. पोरीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, कुर्त्याचं कापड आत दबलं होतं. दोन तळहातांएवढं. तिथून ओल पसरत होती आणि डाव्या बाजूच्या ओलीला बाहेर वाकलेली करंगळी होती. तो जड श्वास आता अगदी घाईत होता. आत, बाहेर, शीळ. आत, बाहेर, शीळ. कुणीतरी सगळा जोर लावून धरून ठेवल्यासारखा.

पण शोभना काकू होती. अर्ध्या गल्लीतली पोरं तिने दटावलेली होती.

"अनीश," ती म्हणाली. "अनीश बेटा, सोड तिला. बहीण आहे तुझी. तुझे राहिलेले ती पुरे करतेय ना? तू थकलास रे. जा आता. काकू सांगते, जा."

श्वास थांबला. मधेच, आत घेतलेला.

मग दबलेलं कापड हळूहळू वर आलं. आधी उजवा हात निघाला. डावा राहिला. किती वेळ राहिला! तोही निघाला. शोभनाच्या गालाजवळून गार हवेचा पट्टा गेला आणि दाराबाहेर जिन्यावर तो श्वास एकेक पायरी उतरत गेला, दर पायरीला थांबत, मागे वळून बघणारा माणूस उतरतो तसा. खाली गल्लीत कुणाच्या तरी स्कूटरच्या आवाजात तो मिसळून गेला.

तो ऐकणारा मुलगा होता.

कस्तुरी उठली. चेहराभर नवल. "काकू! सुटलं!"

टण्. अठ्ठ्याहत्तर. अप्पासाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एकोणऐंशी. ऐंशी. शोभना हसत होती, रडत होती, चिंचोके टाकत होती. एक्याऐंशी. पोरगी जवळजवळ धावत असल्यासारखे नमस्कार घालत होती. इतके दिवस कुणी अडवून धरलेली, आता मोकळी झालेली. ब्याऐंशी. त्र्याऐंशी.

चौऱ्याऐंशीव्याला ती उभी राहिली, हात वर गेले, तिने छातीवर हात आणला आणि शोभनाकडे असं पाहिलं, जणू काही विचारायचं राहिलंय. मग ती पडली. हात पुढे न टेकवता, सरळ.

खोलीत एकही श्वास नव्हता.

"अहो!" शोभना भिंतीकडे तोंड करून किंचाळली. "अहो, या! या लवकर!"

एका विटेची भिंत. पलीकडे श्रीपाद चहा करत होता. तो अनवाणी आला, पोरीला उताणी केली, मानेला बोटं लावली आणि दोन्ही तळहात तिच्या छातीवर ठेवून दाबायला लागला. शॉक लागलेल्या लाइनमनसाठी मंडळाने शिकवलेलं, तीस वर्षांत दोनदा वापरलेलं. "गाडी बोलाव! शोभा, रडू नकोस, गाडी बोलाव!" तो मोजत होता. एक, दोन, तीन, चार. शोभना फोन कानाला लावून उभी होती आणि पुन्हा कुणीतरी मोजतंय, एवढंच तिला ऐकू येत होतं.

७

कस्तुरी वाचली. दवाखान्यात दोनदा शॉक द्यावा लागला, तीन दिवस तिने डोळे उघडले नाहीत, पण वाचली. इकोत हृदयाची भिंत जाड निघाली. जन्मापासूनचं, घराण्यात चालत आलेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. पलंगापाशी इंदिरा आणि शोभना दोघी होत्या.

"त्रास कधीपासून होता?"

"नोव्हेंबर," कस्तुरी म्हणाली. आवाज अजून कागदासारखा होता. "सत्तरच्या पुढे गेलं की छाती जड व्हायची. सत्त्याहत्तरला मी थांबायचे."

"रोज?"

"थांबावंच लागायचं."

"मग त्यानेच तुला आजपर्यंत वाचवलं, असं समज. अशा हृदयाला त्यापुढे एकदाही जायला नको होतं. जोराच्या व्यायामात छाती जड झाली, श्वास पुरला नाही, तर पहिल्याच दिवशी दाखवायचं असतं." त्यांनी फाइल मिटली. "रोज थांबत होतीस, मग त्याच दिवशी का नाही थांबलीस?"

कस्तुरीने शोभनाकडे पाहिलं नाही. तिने मुद्दाम पाहिलं नाही, हे शोभनाला कळलं. इंदिरा मुलीच्या पायावरून हात फिरवत होती. तिला काही ठाऊक नव्हतं. शोभनाने तोंड उघडलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा तिला सांगण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती सांगता येत नव्हती. तिने ग्लासात पाणी ओतलं आणि ते कुणालाच दिलं नाही.

पोरीच्या गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं. हृदय थांबायला लागलं तर ते धक्का देईल म्हणे. सोळाव्या दिवशी तिला घरी आणलं. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. श्रीपाद आणि इंदिरा सामान घेऊन पुढे गेले. मधुरिमाने शोभनाचा कोपर धरून तिला बाजूला ओढलं.

"शोभनाताई, खरं सांगा. तो तिला धरायचा ना? न्यायलाच आला होता ना तो? मी तर तेव्हाच म्हणाले होते, अन् मग घेऊन जाणार म्हणून. वाचली बिचारी त्याच्या हातून."

"धरायचा," शोभना म्हणाली. "ते खरं आहे."

"आणि पुढचं?"

शोभनाने मान हलवली. नाही, म्हणून. पुढचं खोटं होतं. पण ते खोटं कसं, हे सांगायचं तर त्याला कोणी घालवलं, तेही सांगावं लागलं असतं. मधुरिमा वाट बघत राहिली. शोभना कस्तुरीच्या मागोमाग जिन्यात शिरली.

सहाव्या पायरीवर पोर थांबली. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. श्वास वर वर येत होता. ती पुढे वाकली आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. जिना थंड होता. वर अप्पासाहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. कुठेही काही वाजत नव्हतं.

शोभनाने तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, हात ठेवला.

कस्तुरीचा श्वास हळूहळू खाली आला.

"हा तुमचा आहे ना, काकू?"

"हो बाळा. माझाच."

"हं," ती डोळे न उघडता म्हणाली. "गरम आहे."